अख्खा गर

वेंगुर्ल्याच्या फॅक्टरीत एकवीस वर्षं मी काजू फोडते.
पायाखाली दांडा, हाताशी पातं,
टरफलाच्या दोन फाका, आत गर.
अख्खा निघाला तर एक भाव,
पाकळी झाली तर कमी,
तुकड्याला कोण विचारतं.
हाताला राख चोळून बसायचं,
नाहीतर टरफलाचं तेल कातडी खातं.

हे आधी सांगते, कारण पुढे लागेल.

वर्षभर पहाटे मला
माझंच घर ओळखू येत नव्हतं.
चूल कुठे, कडी कुठे.
एकदा सुनेला म्हणे मी विचारलं,
"बाई, आपण कुणाकडच्या?"
घाम असा की लुगडं पिळावं.
कोणी साखरपाणी तोंडाला लावलं
की परत यायची, सगळ्यांसमोर, ओशाळून.
हिरावती म्हणाली, "भायरचा काय तरी आसा गो."
देवळात कौल लावला.
उजवी कळी पडली. देव हो म्हणाला,
कशाला, ते गुरवालाही सांगता येईना.
कनवटीला गुळाचा खडा बांधून कामावर जायची.
मागोमाग मुंग्या.

शेवटी सावंतवाडीत एका पोरसवद्या डॉक्टराने
बोटाला सुई टोचली,
आकडा बघून खुर्चीतून उठलाच.

पणजीला नेऊन उपाशी ठेवलं.
तिसाव्या तासाला म्हणे मी
नर्सला काजूचे दर सांगत होते,
तेही दहा वर्षांपूर्वीचे.

गाठ स्वादुपिंडात निघाली.
चांगला शब्द. जेवणातला स्वाद,
दर्भावरचा पिंड, दोन्ही एकाच नावात.
बावन्न वर्षं पोटात बाळगलं
आणि नाव आत्ता कळलं.
करवंदाएवढी गाठ, शेपटाच्या बाजूला,
पाणथरीपासून चार बोटांवर,
रात्रंदिवस माझी साखर जिरवत बसलेली.

कोल्हापूरचे म्हणाले होते,
पोट आडवं उघडू, शेपूट कापू,
पाणथरीही जाईल, तिच्यावाचून माणूस जगतं.
जगतं. पाकळीही खपतेच की बाजारात.

डॉक्टर कुंकळ्येंकर, वयाने माझ्या सुनेएवढी,
बोटं बारीक.
मी विचारलं, "अख्खं राहील?"
तिला कळेना. मग काजूचं सांगितलं.
हसली नाही. थोडा वेळ गप्प बसली.
"माझं उलटं आहे, मावशी.
तुम्ही टरफल टाकता, गर ठेवता.
मला गाठ सोलून टाकायची
आणि भोवतालचं सगळं ठेवायचं.
मधल्या नळीला धक्का लागला
तर रस झिरपतो, आपलंच मांस पचवतो."
"मग राख चोळा हाताला."
आता हसली. पण म्हणाली, "शब्द देत नाही.
नळी खेटून असली तर कापावंच लागेल.
तेव्हाही पाणथरी राखायला बघेन."

चार भोकं. पोटात वारा भरला,
दुर्बीण घातली. मी कुठे होते कोण जाणे.

नंतर तिने पडद्यावर दाखवलं:
पिवळट, कोवळ्या कणसासारखं दाणेदार,
त्यात एक तांबूस डोळा.
चिमटा कडेकडेने फिरत होता,
ओढत नव्हता.
एका जागी तो थांबला.
मीही तिथेच थांबले असते.
मग निघाली गाठ, गुळगुळीत,
आणि खाली खळगा, रिकामा, स्वच्छ.
पाणथरी बाजूला, जांभळी,
काही झालंच नाही अशी.

सगळं गोड नव्हतं. खांदा दुखला तो वाऱ्याने.
कुशीतल्या नळीतून नऊ दिवस झिरपत राहिलं,
डॉक्टरीण रोज बाटली उजेडात धरायची
आणि काही बोलायची नाही.
दहाव्या दिवशी नळी काढली.

आता मला निवडायला बसवतात, फोडायला नाही.
अख्खे इकडे, पाकळ्या तिकडे.
पहाटे पाचला जाग येते,
अंधारात हात नेमका काडेपेटीवर पडतो.

मुंग्या अजून येतात कनवटीपर्यंत.
हुंगतात,
परत जातात.