नाभीय अंतर

बाहुबली मगदूमच्या दुकानात भिंतीवर
पुराची रेघ अजून आहे, माझ्या खांद्याला लागते.
तेव्हापासून तो भिंगं वरच्या फळीवर ठेवतो
आणि गिऱ्हाईक आलं की स्टूल शोधत बसतो.

तीन काढली. पिवळ्या फडक्यावर
ओळीनं मांडली, स्थळं दाखवावीत तशी.
"प्रवास म्हणताय, बाजार म्हणताय, वर डोंगर पण म्हणताय.
साहेब, एका चपलेत लगीन आणि चिखल, दोन्ही हुईत नाही."

साहेब म्हणतो, कारण एकतीस गळीत हंगाम
मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढले.
तिथंही भिंगच होतं. रसाचा थेंब काचेवर,
डोळा नळीला: अर्धं वर्तुळ उजेड, अर्धं अंधार,
मधली रेघ जिथं टेकेल तो आकडा वहीत.
एकोणीस. अठरा पूर्णांक चार.
गोडी मी नुसती पाहिली, मोजली,
आणि साखर निघाली ती माझ्या रक्तात.

पहिलं भिंग रुंद. दंडोबावर उभं राहिलं तर
द्राक्षबागा, मिरजेकडं निघालेली मालगाडी,
निम्मं आभाळ, सगळं आत घेईल.
दुकानाच्या दारातून लावून बघितलं,
तर रस्ता पसरला आणि कडेचा रिक्षावाला
रबरासारखा ताणला.
"कडेला माणूस ठेवायचा नाही," बाहुबली म्हणाला.
पण माणसं कडेलाच असतात.

दुसरं, एक किलो चारशे.
मनगटाला विचारलं, ते गप्प.
"पुलावर जाऊन बघा की. आधारकार्ड ठेवा हितं."

आयर्विन पुलाच्या कठड्यावर कोपर टेकून
मी नदी ओढून घेतली.
मळीतल्या वांग्याचे काटे दिसले.
बगळ्याच्या पायाला अडकलेला नायलॉनचा धागा दिसला.
मग घाट. मग घाटावर
निळ्या पातळातली एक बाई,
सावली बरोबर निम्म्या अंगावरून गेलेली,
चपला बाजूला, पाय घोट्यापर्यंत पाण्यात,
हातात भडंगाची पुडी.
शेंगदाणे वेचून आधी खात होती.
धुणं धुणाऱ्या पोरीला काहीतरी सांगत होती
आणि मान मागं टाकून हसत होती.

मालन.
गुडघे दुखतात म्हणून देवळापाशी सोडली होती मघाशी.
चौतीस वर्षं झाली. शेंगदाणे आधी खाते
हे मला माहीत नव्हतं.
बोट बटणावर होतं. उजेडाची रेघ
तिच्या गळ्याशी टेकली होती, आकडा लिहिता आला असता.
मी कॅमेरा खाली घेतला.
ती परत ठिपका झाली, निळा,
ओळखीचा.

तिसरं भिंग पेढ्याच्या पुडक्याएवढं. पस्तीस.
"ह्याला झूम नाही," बाहुबली म्हणाला, "झूम पायानं करायचं."
शाळेत याला नाभीय अंतर म्हणायचे,
माणसाला बेंबी तशी भिंगाला नाभी,
आणि अख्खा वर्ग हसायचा.
"आणि डोंगर?" मी विचारलं.
"डोंगर मावंल तेवढा मावंल.
राहिल्याला तिथंच असतोय."
घासाघीस केली. सातशे कमी केले त्यानं,
वर एक फडकं दिलं.

घाटाच्या पायऱ्या उतरताना
मालननं मला लांबूनच पाहिलं.
पाय पुसले, चपला घातल्या, पदर नीट केला,
माझ्या ओळखीचा चेहरा काढून लावला.
"किती गेले?"
मी सांगितले त्यापेक्षा थोडे कमी.
पिशवीकडं बघत ती म्हणाली,
"पुलावर कोण की एक बाबा मघापासनं
नळकांडं रोखून उभा होता."

आणि पुडी माझ्यापुढं केली.
आत नुसते कुरमुरे होते.