एक वीत म्हणजे शंभर वर्षं

चौथी ब. शाळा दत्तवाडीची. पट एकोणचाळीस, हजर एकतीस.
कपडे वाळत घालायची दोरी मी घरून आणली,
नवऱ्याचे दोन ओले शर्ट खुर्चीवर टाकून.
एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं
आणि म्हटलं, हा गज म्हणजे आज.
इथून मागं एक वीत म्हणजे शंभर वर्षं.

कोणाची वीत, बाई?
रेहानचा प्रश्न रास्त होता.
त्याची वीत माझ्या निम्मी,
म्हणजे त्याची शंभर वर्षं लवकर संपणार.
माझी, म्हटलं. पगार मला मिळतो.

महाराज कुठं?
सगळ्यांना आधी तेच हवं असतं.
साडेतीन विती मोजल्या, चिमटा लावला: राज्याभिषेक.
वर्ग हिरमुसला.
एवढ्या जवळ? हात पुरतोय की!
ढावऱ्यांच्या यशनं खरंच हात लावून पाहिला
आणि मग ती मूठ
मधल्या सुट्टीपर्यंत उघडलीच नाही.

आणि आम्ही?
वितीची बोटं बारा, तुमचं वय नऊ.
तुम्ही म्हणजे एक बोट. जेमतेम.
एकतीस पोरं गजाला चिकटून
एका बोटाच्या जागेत उभी राहिली,
सरक ना, सरक ना, म्हणत.

पाठ खरा दगडी हत्यारांचा होता.
चित्रातला केसाळ माणूस, शेकोटी, हरीण.
मी बोलून गेले,
तसली हत्यारं आपल्या मुठेच्या काठी सापडलीत,
इथंच, दत्तवाडीत, लाख वर्षांहून जुनी.
बोलले आणि फसले.
लाखाला किती विती?
हजार.
दोरी तर तिसाव्या वितीला भिंतीवर आपटलेली.

हेडसरांना चिठ्ठी धाडली: दोरी नदीपर्यंत न्यायची आहे.
उत्तर आलं: कारण द्या. परतीची वेळ लिहा.
लिहिलं: लाख वर्षं मागं जायचंय,
साडेबाराला परत.

दोरीला दोरी जोडली. मग ओढण्या,
सुतळी, शिपाईमामांचा मफलर,
कुणीतरी सोडून आणलेला कुत्र्याचा पट्टा.
पिठाच्या गिरणीपाशी शेवटचा चिमटा संपला.
त्यापुढं एकही नाव नाही,
नुसती दोरी, आणि दोरी धरलेली पोरं.
इथं कोण राहायचं, बाई?
माणसं.
त्यांची नावं?
रिकाम्या जागा भरा, असं म्हणणार होते मी सवयीनं.
म्हटलं नाही.

नदीला वास येत होता. पाणी काळं.
पोरांनी दगड उचलले,
प्रत्येकाला आपलाच दगड हत्यार वाटला.
मी कुणालाही नाही म्हटलं नाही,
फक्त फेकू नका म्हटलं.

परत वर्गात आलो तर सरोद्यांची कृतिका
गजापाशी उभी, हातात चिमटा, वहीचा चतकोर कागद.
वर लिहिलेलं: पूर. आमची भिंत पडली.
आंबील ओढ्याचा?
हो.
तुला आठवतो?
नाही. मी तीन वर्षांची होते. आई सांगते.
मी फळ्यावर लिहिलं: मौखिक साधन.
ती म्हणाली, आणि रंगकाम केलं तरी
डाग वर येतो. कपाटाच्या मागं.
खाली लिहिलं: भौतिक साधन.
खडू जरा घसरला.

लाव, म्हटलं.
तर चिमटा मावेना.
चिमटा त्यांच्या सगळ्या आयुष्याहून रुंद,
तो पूर झाकायचा, सगळ्यांचे वाढदिवस झाकायचा,
आणि गजालाही थोडा घासायचा.
असू दे, म्हणाली कृतिका,
त्या रात्री पण जागा नव्हती. सगळे पत्र्यावर होतो.

रात्री नवऱ्यानं विचारलं, दोरी कुठंय?
म्हटलं, वापरात आहे.