गाळलेलं वाक्य

पाच जण आले, चौदा दिवसांसाठी.
बॅगांना विमानतळाच्या चिठ्ठ्या अजून चिकटलेल्या,
नाकांवर पांढरं मलम.
पाळकसाहेब म्हणाले, समुद्रेबाई,
तीस वर्षं इंग्रजी शिकवलंत,
आता ह्यांचं तोंड व्हा.

झाले.

पहिल्या रविवारी देवळात टोबायस उभा राहिला,
पंख्याला डोकं लागेल एवढा उंच,
म्हणाला, आम्ही अंधारात दिवा घेऊन आलो आहोत.
समोरच्या बाकावर दानिएलअण्णा,
ज्यांच्या आजोबांनी ह्याच देवळाच्या पायाचे दगड
बैलगाडीनं वाहिले,
कानामागं हात धरून ऐकत होते.
मी सांगितलं :
पोरं लांबून आलीत, दमलीत,
तुम्हाला बघून बरं वाटलं म्हणतायत.
सगळे हसले. तोही हसला.
देवा, क्षमा कर,
भाषांतर चांगलं झालं होतं.

मग वसतिगृहाची भिंत. आकाशी रंग दिला त्यांनी.
नाताळातच आम्ही ती पिवळी केली होती.
सातवीतला एक पोरगा म्हणाला,
बाई, ह्यांच्या गावात भिंती न्हाईत व्हय?
हे मी पलीकडं नेलं नाही.

चौथ्या दिवशी तांबडा रस्सा.
टोबायसनं दोन वाट्या घेतल्या, प्रेमानं,
आणि तीन दिवस आडवा.
रूथवहिनी उशाशी बसून
चमच्यानं पेज घालायची.
एकदा रडला. म्हणाला,
मी इथं उपयोगी पडायला आलो होतो.
हे मात्र शब्दाला शब्द सांगितलं.
वहिनी म्हणाली, मग पेज पी की.
तेवढा उपयोग पुरे.

ब्रिटा बोलायची कमी.
रोज दवाखान्यात, खिडकीजवळच्या खाटेशी.
तिथं वडणग्याच्या हौसाबाई,
भांगात जोतिबाचा गुलाल,
नर्सनं दोनदा पुसूनही राहिलेला.
ब्रिटा त्यांच्या केसांना तेल लावायची,
गुलालाला हात न लावता, कडेकडेनं.
म्हातारी म्हशीबद्दल बोलत राहायची,
तिची शिंगं, तिचा रुसवा, धारेला कशी लाथ मारायची,
आणि ब्रिटा मान हलवत राहायची,
जशी ती म्हैस तिच्या ओळखीचीच.

तेराव्या दिवशी हौसाबाईंनी माझा पदर ओढला.
इचारा की हिला, बाई,
हिच्या आईनं एवढ्या लांब
कसं सोडलं हिला?

साधं वाक्य. भूतकाळ, प्रश्नार्थक.
आठवीच्या पोरींना फळ्यावर घालायचे मी असली.

माझी करुणा गेली, फेब्रुवारीत सहा वर्षं होतील.
बेलफास्टला, म्हाताऱ्यांच्या एका घरात.
कुणाची नखं कापते, कुणाची कूस बदलते.
तिला निरोप द्यायला देवळात प्रार्थना ठेवली नाही कुणी,
भिंतीवर तिचा फोटो नाही,
खाली वचन लिहिलेला.
कर्ज फिटायचं होतं. गेली.

ब्रिटा माझ्याकडं बघत होती, बोटांना तेल.
मी म्हणाले,
त्या म्हणतात, तुझा हात हलका आहे.
लाजली.
हौसाबाई मात्र माझं तोंड बघत राहिल्या.
पुन्हा विचारलं नाही त्यांनी.
पदर सोडला, हलकेच,
जशी शेंग सोडतात वाळत घालायला.

त्या रात्री फोन लावला.
तिथं कुणी विचारतं का गं तुला,
आईनं कसं सोडलं?
विचारतात की.
त्यांचं बोलणं निम्मं कळत नाही, पण हे कळतं.
मग काय सांगतेस?
मान हलवते, म्हणाली.
मी पण हलवली, इकडं,
फोनवर दिसत नाही ते विसरून.

पोरं गेली.
जाताना टोबायसनं दानिएलअण्णांना वाकून नमस्कार केला,
कुणी शिकवला कोण जाणे,
अण्णांना उठवेना तर हा पण वाकलेलाच.

आकाशी रंगाचा अर्धा डबा राहिलाय माझ्या परड्यात.
झाकण घट्ट बसलंय.
नाताळापर्यंत उघडतंय का, बघू.