निरंक

बाटली भरण्याआधी नळ दोन मिनिटं सोडायचा,
तोटी ज्योतीने शेकायची,
झाकण हातातच धरायचं, खाली ठेवायचं नाही.
एकवीस वर्षं मी हे असंच करतो.
हिंगणा रोडकडच्या ले-आउटांत पोरं मला
पाणीवाले डॉक्टर म्हणतात.
मी बारावी सायन्स, तेही दुसऱ्या खेपेला.

फॉर्म एका पानाचा.
रंग, वास, गढूळपणा, क्लोरीन,
जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड,
तळाशी जंतू: आहेत, नाहीत, एक खोडा.
ज्याला रकाना आहे
तेवढंच पाण्यात असतं.

प्लॉट नंबर अठ्ठेचाळीस, चंद्रकला निनावे.
"भाऊ, कूलरमंधी फेस येऊन राह्यला.
साबण नाही, सोडा नाही, मंग काहून?"
मी टाकीत हात घातला.
वाळ्याचा वास, खाली मोटारीची घरघर,
आणि तो फेस,
पांढरा, हलका, बोटांना न धरणारा.
रंग: नाही. वास: नाही.
मी खाली सही केली.

तिचा धाकटा सुबोध एमआयडीसीत कंत्राटावर.
तिथे कापडाला लेप देतात
पावसाचा थेंब टिकू नये म्हणून.
रात्रपाळीत टाक्या धुतात.
ते पाणी कुठे जातं, त्याने विचारलं होतं.
दुसऱ्या आठवड्यात त्याची पाळी बदलली.
मग त्याने दोन पगारांतून वाचवून
घरच्या नळाची एक बाटली हैदराबादला पाठवली.

कागद आला.
नाव दीड ओळीचं,
वाचताना मला मध्ये श्वास घ्यावा लागला.
आकडा बारीक.
आकड्यापुढे छापलेलं:
मर्यादा, ठरलेली नाही.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.
"मर्यादाच नाही, तर उल्लंघन कशाचं?
तुम्ही 'इतर'मध्ये निरंक लिहा."

निरंक म्हणजे शोधलं आणि सापडलं नाही.
आम्ही तर शोधलंच नव्हतं.
पण माझ्या हातून हा शब्द फार देखणा उतरतो.
रफार नीट बसतो त्याचा, अनुस्वार,
नाही, रफार कुठे आहे त्यात?
बघा, इतक्या वेळा लिहिला
की आता दिसतही नाही.

उकळलं तर जात नाही.
तुरटी फिरवली तर बसत नाही.
ज्योत, क्लोरीन, ऊन, काळ, कशालाच मोजत नाही.
न जळणारं, न कुजणारं, न सरणारं,
एवढे गुण मी सप्त्यात महाराजांच्या तोंडून ऐकले होते
आणि हात जोडले होते.
पाण्यापासून वाचायला माणसाने काहीतरी केलं,
ते पाण्यातच येऊन बसलं,
आणि पाण्याला सांगता येत नाही.

मे महिना. नवतपा लागलेला.
मी परत अठ्ठेचाळीस नंबरला गेलो,
काही सांगायला नाही, महिन्याचा नमुना घ्यायला.
सुबोध झोपला होता, फरशीवर, ओला टॉवेल पांघरून.
चंद्रकलाबाई म्हणाल्या, "बसा. आधी पाणी घ्या."
स्टीलचा ग्लास, बाहेरून घामेजलेला.

मी हात पुढे केला.
थोडा उशिरा केला.

एवढा उशीर कोणत्याच फॉर्मवर मोजत नाहीत,
त्यांनी मोजला.
काही बोलल्या नाहीत.
ग्लास माझ्या हातातून अलगद काढून घेतला,
पाखरांसाठी ठेवलेल्या परळाकडे वळल्या,
तिथेही थांबल्या.

भर उन्हात, ग्लास हातात,
त्या अंगणभर बघत राहिल्या
कुठे ओतावं म्हणून.