तीस एप्रिल, कैरीचं पन्हं

उद्या एक मे.
खालच्या मजल्यावरच्या मुलांचा निकाल आहे,
त्यांचे गणवेश आजच इस्त्री होऊन आलेत.
आमच्याकडे निकाल नसतो.
आमच्याकडे सतरा बाटल्या असतात,
उकळत्या पाण्यातून काढून गच्चीवर पालथ्या घातलेल्या,
आणि कुकरात शिजलेल्या चार किलो कैऱ्या.

हे चौथं वर्ष.
पहिल्या वर्षी ठरलं ते असं, की
ज्यानं ज्यानं मुलांना काही शिकवलं
त्याच्या घरी एक बाटली पन्हं पोचतं करायचं.
तेव्हा यादीत पाच नावं होती
आणि त्यातली दोन आमचीच, माझं नि मृणालचं.
स्वतःलाच बाटली देताना
मी किती गंभीर चेहरा केला होता!

यंदा जुईली यादी वाचते, ओजस चिठ्ठ्या डकवतो.
शफीभाई, सायकलवाले:
चाकाचे आरे समोरासमोरचे आवळायचे, थोडे थोडे,
एकाच बाजूनं ओढलं की चाक रुसतं.
पोस्टातल्या गोडांबे बाई:
चक्रवाढ व्याज, मागची रांग थोपवून.
तळजईवर दुर्बीण घेऊन येणारे ते आजोबा,
त्यांचं नाव दोन वर्षांत कुणी विचारलंच नाही,
म्हणून त्यांच्या चिठ्ठीवर नुसता तांबट काढलाय.
आणि कात्रे आजी.
"त्यांनी काय शिकवलं?" मृणाल विचारते.
दर सोमवारी जिन्यात अडवून त्या म्हणतात,
"काय रे, आजही सुट्टी?"
"उत्तर द्यायला शिकवलं," जुईली म्हणते,
"आणि मग, उत्तर न देता हसायला."

मी मुद्रितं तपासतो. पोटापाण्याचा धंदा तो.
लाल शाईनं लोकांचे उकार, वेलांट्या सरळ करतो,
दिवसाकाठी चाळीस पानं,
आणि मधल्या वेळात अपूर्णांक, ज्वालामुखी, भाकरी थापणं.
जानेवारीत ओजसला ताप होता, काम तुंबलं होतं,
तीन आठवडे आम्ही काहीच शिकलो नाही.
काहीच नाही. वही कोरी.
रात्री छताकडे बघत मी हिशेब मांडायचो:
दुसऱ्यांच्या चुका काढून जगणारा माणूस
स्वतःची केवढी मोठी करून बसलाय का?
हा प्रश्न कुठल्या बाटलीत भरायचा
मला कळत नाही. वेलदोडे कुटत बसतो.

आज रात्रीपुरतं लाल पेन फ्रीजवर ठेवायचं, असा नियम आहे.
प्रत्येकानं एक ओळ लिहायची, घरातल्यांसाठी.
ओजसनं लिहिलंय:
"जानेवारीत बाबा नुसते शेजारी बसले
आणि त्यांनी माझी एकही चुक काढली नाही."
चुक. पहिला उकार.
माझा हात फ्रीजपर्यंत जातो
आणि बर्फ घेऊन परत येतो.

जुईलीची ओळ:
"जूनपासून मला शाळेत जाऊन बघायचंय. चालेल?"

पंखा फिरतोय. कुणी बोलत नाही.
मी पन्हं चाखतो, मीठ घालतो, पुन्हा चाखतो.
चालेल म्हणायला मला इतका वेळ लागतो
की तोवर मृणाल मोरीत जाऊन
अठरावी बाटली विसळायला लागलेली असते.
"ही कुणाला?"
"तिच्या वर्गशिक्षिकेला.
कोण ते ठाऊक नाही अजून. पुढच्या वर्षी लागेल ना."

सकाळी मैदानातला लाउडस्पीकर खरखरतो,
खालची मुलं पांढऱ्या बुटांत निघतात.
आम्ही पिशव्या घेऊन जिना उतरतो,
काचेवर काच किणकिणते.
पहिलं दार कात्रे आजींचं.
त्या बाटली उजेडात धरतात,
केशराच्या काड्या मोजाव्यात तशा बघतात,
चिठ्ठी वाचतात, चष्मा पुसून परत वाचतात.
मग म्हणतात,
"काय रे, आज तर खरीच सुट्टी!"