बाणातला ण

तेवीस वर्षं मी कुंदा वैतीसमोर अक्षरं धरली.
आधी पुठ्ठ्यावर, स्केचपेननं लिहून;
मग काचेवर, खालून वर सरकवत.
तिला मी दिसायचो नाही. मला ती दिसायची,
कपाळापासून ब्रोचपर्यंत, जगाला दिसायची तेवढीच.
टेबलाखाली रबरी चपला असायच्या
हे मला आणि मेकअपवाल्या पास्कोलला ठाऊक.

सुरुवात भांडुपला, केबलवाल्याच्या गच्चीवर.
टाकीशेजारी पत्र्याची खोली, मागे निळी चादर,
साडेसातच्या बातम्या, तीन हजार घरं.
पहिल्याच दिवशी पहिलीच ओळ:
"एस वॉर्डात उद्या पानी येणार नाही."
लगेच फोन. कुणी निवृत्त मास्तर.
"पानी नव्हे बाई, पाणी. बाणातला ण."
ती हसली नाही, चिडलीही नाही.
खाडीकडच्या तिच्या घरी
पाणी कधी आलंच नव्हतं.
आलं ते पानीच, तेही रात्री दोनला.

मग शिकली. जीभ मागे वळवून टाळूला टेकवून
जिन्यात उभी राहून म्हणायची:
लोणी गोणी वेणी, ठाणे पुणे, आपण, कोण.
एकदा ऑफिसातून आईला फोन केला,
"जेवण झालं का?"
पलीकडून आई म्हणाली, "कोन बोलतंय?"

पुढे मोठं चॅनल. साकीनाक्याला चौथा मजला,
एसी सोळावर, मे महिन्यात स्वेटर.
कानात निर्माता: चढव, कुंदा, आवाज चढव.
सहा चौकटींत सहा पुरुष एकदम बोलायचे
आणि ती मधोमध, चौकातल्या हवालदारासारखी.
तिचा श्वास मला पाठ होता.
'मुख्यमंत्र्यांनी'नंतर एक,
'परंतु'च्या आधी अर्धा.
तिथे मी ओळ कोरी सोडायचो.
लग्न मी तिच्याच गल्लीतल्या मंजुळाशी केलं,
पण मोजले हिचे श्वास.
यात काही भानगड नव्हती. कामच ते.

त्या रात्री गावठाणाला लागून असलेली
चार मजली इमारत खाली बसली.
डेस्कवरून नावं येत होती, मी चढवत होतो.
सातवं नाव मी आधी वाचलं.
हिराबाई कान्हा वैती, वय अडुसष्ट.
आत्या. शाळेत असताना हिची वेणी घालणारी.
माझा अंगठा थांबला.
दोन सेकंद. टीव्हीवर दोन सेकंद म्हणजे विहीर.
कानात निर्माता ओरडला असणार.
तिनं काचेकडे पाहिलं, नेहमीसारखं नाही;
काचेतून, आरपार, माझ्याकडे.
समोर ओळ नव्हती. तिला कळलं.
कशावरून कळलं, ते मी कधी विचारलं नाही.
काच पुढे सरकली तेव्हा म्हणाली,
"आणि हिराबाई कान्हा वैती, वय अडुसष्ट."
आणि-मधला ण जागच्या जागी.
ब्रेक लागला. सिमेंटची जाहिरात होती.
तिनं टेबलाखाली चपला काढल्या,
परत घातल्या.

नंतर आकडे पडले. तिला सकाळी सहाच्या
राशिभविष्याला बसवलं. तिथून घरी.
निरोपाच्या केकवर आडनाव 'वैद्य' लिहिलं होतं.
भाषण कुणी लिहून दिलं नव्हतं.
"बरं," म्हणाली, आणि सुरी पास्कोलकडे दिली.

परवा मंजुळाच्या मोबाइलवर, गावठाणाच्या ग्रुपवर
तिचा आवाज. सतरा सेकंद.
मागे कुकरची शिट्टी, कुणाचं तरी पोर रडतंय.
"ऐका रे. उद्या
पानी पाचला येल. अर्धाच तास. भरून ठेवा."

उद्या-नंतर श्वास घेतला तिनं.
ही जागा माझ्याकडे नव्हती.
मंजुळा हंडे घासायला उठली.
मी ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं.