पाठमोरा

गुंजनने माझ्या तर्जनीला चिमटा लावला,
दवाखान्यात लावतात तसलाच, आतून लाल.
"मामा, हा तुमचे ठोके मोजीन.
तुम्ही जितके घाबरसान, तितका गेम वंगाळ होत जाईन."
आणि नाही घाबरलो तर?
"तर माझी दोन वर्षांची मेहनत पाण्यात."

भुसावळ, मे महिना, रात्रीचे अकरा.
भिंती अजून दुपार ओकत होत्या.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या आणि बसलो.

माझ्याआधी ताईने खेळून पाहिला होता.
पहिल्याच दाराशी रिमोट टाकून ती उठली
आणि उगाच कणीक मळत बसली.
शेजारचे झोपे मास्तर तिसऱ्या खोलीपर्यंत टिकले,
मग म्हणाले, आडनावाला जागतो, येतो मी.

मी मात्र चालत राहिलो.
जिन्यात लटकलेली बाई: बहात्तर.
विहिरीतून वर आलेला हात: चौऱ्याहत्तर.
कपाटात रडणारं मूल: सत्तर.
गुंजनचं तोंड उतरलं.
"तुम्ही माणूस आहेत का मालगाडी?"

मालगाडीच होतो, एकोणीस वर्षं.
आता लॉबीत बसतो.
ड्यूटीवर येणाऱ्यांच्या तोंडापुढे नळी धरतो,
फुंका म्हणतो, शून्य आलं की सही घेतो.

मग एक लांब बोळ आला.
भूत नाही, रक्त नाही.
टोकाला एक माणूस, पाठमोरा,
हातात कापडी पिशवी,
नुसता उभा.

एकशे एकेचाळीस.

गुंजन खुर्चीतून उठलीच.
"हा तर भरतीचा आहे, मामा!
बोळ रिकामा दिसत होता म्हणून ठेवून दिला.
त्याला वळतासुद्धा येत नही,
तोंडच काढलं नही त्याचं."

पण गेमला कारण लागत नाही, आकडा लागतो.
पुढच्या खोलीत बाई नव्हती, मूल नव्हतं.
पलंगापलीकडे तो. जिन्याच्या वळणावर तो.
न्हाणीच्या दारात, गच्चीवर,
दर वेळी लांब, दर वेळी वाटेच्या मधोमध.
नऊ वर्षं ज्याचं नाव मी घरात काढलं नाही
(नाव मला माहीतही नाही)
त्याला या चिमट्याने चार मिनिटांत हेरलं.

माहेजीच्या अलीकडे, सकाळचे सहा चाळीस,
उजेड अगदी स्वच्छ.
चौदा सेकंद हॉर्न, ब्रेक पूर्ण दाबलेला.
लोखंडाला थांबायला जेवढी जमीन लागते
तेवढी आमच्या दोघांत नव्हती.
पिशवीत गिलकी होती, कोथिंबिरीची एक जुडी.
पंचनाम्यात होतं म्हणून माहीत.
चेहऱ्याबद्दल लिहिण्याजोगं काही नव्हतं.

रिमोटवरचा अंगठा मी उचलला
आणि थांबलो.
एवढंच. अंगठा उचलला की पाय थांबतात.
तो तिकडे, मी इकडे, मध्ये दहा पावलं फरशी.
दोघांच्या मागेपुढे कुठलीच गाडी नाही.

एकशे बारा. शंभर. अठ्ठ्याऐंशी.

"आता श्वास लागला तुमचा," गुंजन म्हणाली,
आणि पडद्यावर तो विरायला लागला,
आधी चपला, मग पिशवी.
भीती उतरली की गेम भीतीची वस्तू काढून घेतो,
खेळणारा दमू नये म्हणून
तिनेच तसं लिहून ठेवलंय.

थांब, मी म्हणालो. कुणाला, कोण जाणे.
श्वास रोखून धरला.
हॉर्न आठवला, मुद्दाम. हाताखालची थरथर आठवली.
जे विसरायला गोळ्या घेतल्या
ते एकेक करून हाका मारून बोलावलं.
नव्वद. पंच्याण्णव.
खांदे पुन्हा थोडे दाट झाले.

यार्डात कुठे तरी डबे जोडल्याचा दणका झाला.
"मामा, पुढे चला ना."
मी विचारलं, याला तोंड काढशील का?
"काढते की. कसं काढू? कोणासारखं?"

मला फक्त गिलक्यांचं सांगता आलं.